गिटारची पहिली तार तुटली तेव्हा (अनुभव धागा)

सायलीचा वेल

काल रात्री ओटा पुसत होते. आतल्या खोलीतून टण्णकन आवाज आला आणि मागोमाग चिडीचूप. काय झालं ते मला ओट्यापाशीच कळलं. मिनिटभराने लेक दारात येऊन उभी राहिली. वय तेरा, डोळे काठोकाठ भरलेले. "आई, मी काही नाही केलं. आपोआप तुटली."

हेच वाक्य मी २००१ साली बाबांना म्हटलं होतं.

तेव्हा मी अकरावीत होते, नाशिकला चाळीत राहायचो. दहावीच्या मार्कांचं बक्षीस म्हणून आत्याने गिटार दिली होती. घरात तोवर वाद्य म्हणजे आजोबांची पेटी आणि टाळ. क्लास वगैरे नव्हता, पुस्तकातल्या आकृत्या बघून बोटं ठेवायची. तीन महिन्यांत सगळ्यात बारीक तार तुटली. बाबा रागावले नाहीत. "महागाची वस्तू आहे, जपून वापरावी" एवढंच म्हणाले आणि मी मनाने घेतलं की वस्तू मोडली. गवसणीत घालून कपाटावर ठेवली, ती चौदा महिने. तार सुटी मिळते, घरी बसवता येते, तोवर उरलेल्या पाच तारांवर सराव करता येतो, हे सांगणारं आजूबाजूला कुणीच नव्हतं. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा सुट्टीला आला. त्याने कपाटाकडे बघून विचारलं, "ती कुणाची?" दुसऱ्या दिवशी तो तार घेऊन आला. वीस रुपयांची तार, दहा मिनिटांचं काम. दिवसभर मी खूश होते आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

म्हणून काल लेकीला म्हटलं, उद्या नाही, आत्ताच. जादा संच घरात होताच. ब्रिजची (गिटारच्या पोटावर तारा अडकवतात त्या पट्टीची) पिन काही केल्या निघेना. पक्कड लावली असती तर पिनचं डोकं तुटलं असतं. मग बाकीच्या तारा सैल केल्या आणि आतून ढकलायचं ठरवलं. माझा हात भोकातून आत जाईना, तिचा गेला. बोटांत एक रुपयाचं नाणं धरून तिने खालून पिन दाबली आणि 'टप्' करून पिन वर आली. तिचा चेहरा बघायला हवा होता! नवी तार खुंटीवर तिनेच गुंडाळली, मी फक्त "हळू, हळू" म्हणत होते. झोपायला अकरा वाजले, आज शाळेला उशीर झाला. चालायचंच.

तुमची पहिली तार कशी तुटली? कुणी बसवून दिली? काय काय चुकलं? गिटारच हवी असं नाही. सतार, तंबोरा, व्हायोलिन, काहीही चालेल. लिहा.

दुपारचा चहा

पहिला मी!! माझी तुटून थेट गालावर बसली. वळ तीन दिवस होता, कॉलेजात सगळे विचारत होते कुणी मारलं.

झालं असं की नवी तार बसवली, मोबाइलमधल्या ट्यूनरवर 'ई' (पहिल्या तारेचा सूर) दिसलं. पण मला वाटलं हा खालच्या सप्तकातला ई असणार, बारीक तार आहे म्हणजे आवाज अजून बारीक हवा. पिळत गेलो. बरेच ट्यूनर फक्त अक्षर दाखवतात, सप्तक नाही. नव्या लोकांनी हे लक्षात ठेवा. दुसरी तार (तारा बारीककडून जाडीकडे मोजतात) आधी लावून घ्या, ती पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) दाबून वाजवा, पहिली मोकळी तार बरोब्बर तशीच वाजली पाहिजे. त्याच्या पुढे अर्धा पीळसुद्धा नको. आणि तार चढवताना तोंड लांब.

रानजाई

चौदा महिने वाचून पोटात तुटलं ग. त्या भाच्याला कुठे असेल तिथे सुखी ठेव.

नाशिकला चाळ म्हणजे पंचवटीतली का?

सायलीचा वेल

@रानजाई, हो ग, पंचवटीतच! तू पण तिकडचीच का?

@दुपारचा चहा, डोळा वाचला हे नशीब. लेकीला चष्मा आहे, तरी मी काल तिला मान मागे घ्यायला लावत होते.

मुक्काम पोस्ट मिरज

सतार-तंबोरा चालेल म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर आमचा गिटारीशी संबंध नाही.

आईचा तंबोरा. आई शिकवणी घ्यायची, रोज संध्याकाळी पाच वाजता मुली यायच्या. मी सातवीत असेन. आई भाजी आणायला गेली आणि मला वाटलं आपण तंबोरा लावून ठेवावा, आल्यावर आई खूश होईल. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची पितळी तार पिळली. खुंटी घट्ट बसलेली, हलेना, म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला. खुंटी एकदम फिरली आणि तार गेली. पितळ पोलादापेक्षा मऊ, ते इतका ताण कुठलं सोसणार.

आई आली. पिशवी खाली ठेवली. काही बोलली नाही. देवळीतून तारेचं वेटोळं काढलं आणि मला समोर बसवलं. "आता तूच बसव." खाली फास घालून तार अडकवायची, मण्यातून ओवायची, घोडीवरून (तारा टेकतात त्या पट्टीवरून) वर न्यायची, खुंटीच्या भोकातून घालायची. खुंटी सरकू नये म्हणून तिला खडू लावायचा. त्या दिवशी शाळेतला खडू पहिल्यांदा चांगल्या कामाला आला. सगळ्यात शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि तो एका विशिष्ट जागी आला की तार अचानक बोलायला लागते. ती जागा मला दीड तास सापडत नव्हती. मुली येऊन बसल्या होत्या. आईने त्यांना सांगितलं, आज धडा हाच.

धागा सापडला तेव्हा खोलीत जे भरून आलं ते मला अजून ऐकू येतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तंबोरा माझ्याकडे आहे, खर्ज मीच बदलतो.

बाकी, आमच्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. :)

रानजाई

@मुक्काम पोस्ट मिरज, "आज धडा हाच" इथे थांबले. कुकरची शिट्टी मोजायची राहिली.

घाटमाथा

तंबोऱ्याचे भोपळे अजून पंढरपूरकडून येतात का हो मिरजेला?

मुक्काम पोस्ट मिरज

@घाटमाथा, येतात की. मंगळवेढा, पंढरपूर, तो सगळा पट्टा. खायचा भोपळा वेगळा, हा कडू. सावकाश लिहितो वेगळ्या धाग्यावर, इथे सायलीताई रागावतील.

सायलीचा वेल

नाही रागावत, लिहा तुम्ही!

खाडीकाठ

मी गोव्याचा, म्हापशाजवळचा. आमच्या वाड्यावर मे महिन्यात खुरसापाशी (क्रॉसपाशी) लदाइन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना असते. शेजारचे सगळे जमतात, कुणी व्हायोलिन आणतं, कुणी गिटार. आम्ही हिंदू, पण घर खुरसाला लागूनच, त्यामुळे खुर्च्या आमच्या अंगणातून जायच्या आणि शेवटी उकडलेले चणे आमच्याही ओंजळीत यायचे.

मी चौदा वर्षांचा. शेजारचा मोठा भाव गिटार वाजवायचा, त्याने मला त्याच वर्षी तीन कॉर्ड शिकवलेल्या. त्या वर्षी म्हणाला, "तू वाजव." मी बसलो. दुसऱ्याच कडव्याला दुसरी तार गेली. मी गारठलो. गाणं थांबलं नाही, तिथे गाणं थांबत नाहीच. त्याने माझ्या मांडीवरून गिटार उचलली, खिशातून तार काढली (खिशातून!), आणि गाणं चालू असताना मेणबत्तीच्या उजेडात बसवली. कान खुंटीला टेकवून सूर जुळवला, कारण चारी बाजूंनी लोक गात होते. लाकडातून ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं. चौथ्या की पाचव्या कडव्याला गिटार परत माझ्या मांडीवर.

नंतर त्याने मला तुटलेली तार दाखवली. नटच्या (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या) जवळ तपकिरी डाग. गंज. आमच्याकडे खारी हवा, मे महिन्यात हाताला घाम, तारा पुसल्या नाहीत तर पोलादाची तार दोन महिन्यांत खडबडीत होते. तेव्हापासून वाजवून झालं की जुन्या सुती लुंगीचा तुकडा घेऊन एकेक तार वरून-खालून पुसतो. खालून पुसायला लोक विसरतात.

आणि खिशात कायम एक जादा तार. आता मी बँकेत आहे, तरीही बॅगेत असते.

चिंचगूळ

मस्त धागा. वाचतेय. बाळ उठलं, नंतर लिहिते.

पाचवा फ्रेट

माझी चूक जरा महागाची आहे, पण कुणाचं तरी वाद्य वाचेल म्हणून लिहितो.

मामाची जुनी गिटार मिळाली होती, तीन तारा नायलॉनच्या आणि तीन चंदेरी वेटोळ्याच्या. एक तुटली. गावातल्या दुकानात गेलो, त्यांनी न बघता पोलादी तारांचा संच दिला. मलाही फरक माहीत नव्हता. नायलॉनची तार ब्रिजला गाठ मारून बांधतात, पोलादीला टोकाला पितळेची छोटी गोळी असते. गोळी बघून मला वाटलं सोपं झालं, आता गाठ मारायला नको. सहाही चढवल्या. आवाज काय खणखणीत! दोन दिवस खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आलो तर ब्रिज उखडून तारांना लोंबत होता, खालचं लाकूड सोलून निघालेलं.

पोलादी तारांच्या साध्या 'लाइट' संचाचा, म्हणजे १२-५३ चा (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), सगळा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. नायलॉनच्या गिटारचा सांगाडा तेवढ्यासाठी केलेलाच नसतो. एक माणूस रात्रंदिवस त्या लाकडाला लोंबकळतोय असं समजा. मामाला फोन करायला मला आठवडा लागला. मामा म्हणाला, "लाकूडच आहे, चिकटतं." एका सुताराने सरस लावून, चार शिकंजे लावून दोन दिवसांत चिकटवून दिलं. ती गिटार अजून वाजते, नायलॉनवर.

दुकानात जाताना जुनी तार घेऊन जा. शक्य असेल तर गिटारच घेऊन जा.

दुपारचा चहा

@पाचवा फ्रेट, मामा लाखात एक!

निवृत्त पण निवांत

माझे वय ७१. नातीने हा धागा दाखवला, तीच टाइप करून देत आहे.

१९७४ साली मी मुंबईत नोकरीला लागलो. पहिल्या पगारात गिटार घेता आली नाही, चौथ्या पगारात घेतली. तारा घ्यायला धोबी तलावला जायचे, जेर महालात फुर्टाडोज. ते दुकान १८६५ पासूनचे. काउंटरवर उभे राहिले तरी आपण संगीतातले कुणीतरी आहोत असे वाटायचे.

ट्यूनर नव्हता. स्वरकाटा होता, ४४० चा, म्हणजे ए. गुडघ्यावर आपटायचा आणि दांडी दातांत धरायची. कवटीभर ए घुमतो. पहिली तार पाचव्या फ्रेटवर दाबली की तोच ए येतो, दोन्ही एक झाले की तार लागली. आधी दोन सूर एकमेकांशी भांडतात, वाँव वाँव वाँव अशी लाट ऐकू येते. जवळ आलात की लाट संथ होते आणि मग नाहीशी होते. हे ऐकायला शिकण्यात माझ्या तीन तारा गेल्या. खोलीत आम्ही चौघे राहायचो, तिघे झोपलेले, आणि मी अंधारात दातांत काटा धरून बसलेला.

तुटलेल्या तिन्ही तारा मी टाकल्या नाहीत. एकीने ट्रंकेचे कडे बांधले होते, ते अजून तसेच आहे. नात म्हणते फोटो टाकू, पण ट्रंक माळ्यावर आहे.

रानजाई

आजोबा, नमस्कार. नातीलाही. फोटो टाकाच.

साखरझोप

बर्फातून लिहितेय, न्यू जर्सी. 

लग्नानंतर इकडे आले, पहिला हिवाळा, घरात मी एकटी, नवरा कामावर. त्याची जुनी गिटार होती. जानेवारीत एका दुपारी तिसरी तार आपोआप गेली, मी हातही लावलेला नव्हता. इकडे हीटर लागला की हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात तसं लाकूडही फुटतं. गिटारच्या पेटीत ओलावा धरणारं पाकीट ठेवावं लागतं, साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राहिली पाहिजे. हे तेव्हा कुठे माहीत.

ठाण्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांना गिटार येत नाही, पण पेटी चाळीस वर्षं वाजवलीय. तार मी कशीबशी बसवली, आता लावायची कशी? बाबा म्हणाले, मी पेटीवर सूर धरतो, तू जुळव. त्यांनी पट्टी दाबली, भाता ओढला... आणि मला काहीच ऐकू येईना! पहिलं अर्धं सेकंद सूर, मग शांतता. आम्ही दोघं एकमेकांवर ओरडतोय, "बाबा धरा ना!" "अग धरलाय की!" नंतर कळलं की कॉलवर एकसुरी लांब आवाज आला की फोन त्याला पंख्याची घरघर समजून कापून टाकतो. मग बाबांनी युक्ती केली. सूर धरायचा नाही, ठोके द्यायचे. सा, सा, सा, सा. एकेका ठोक्यावर मी खुंटी फिरवायची. तिकडे रात्रीचे बारा वाजलेले, आई मागून "शेजारी येतील" म्हणतेय.

बाबांनी मला कागदावर लिहून ठेवायला लावलं ते अजून गिटारच्या पेटीत आहे. सगळ्यात जाड तारेपासून ('सी'पासून मोजलेल्या पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या): पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन. ज्यांच्या घरी पेटी आहे आणि ए-बी-सी-डी डोक्यात बसत नाही त्यांच्यासाठी.

मुक्काम पोस्ट मिरज

@साखरझोप, तीन सहा दोन पाच सात तीन. लिहून घेतलं. आमच्याकडच्या मुलांना हेच सांगणार आता. बाबांना दंडवत.

सायलीचा वेल

@साखरझोप, आजोबांची पेटी अजून आहे माझ्याकडे!! आज संध्याकाळी लेकीला याच पट्ट्यांवर लावायला देते.

घाटमाथा

तार वारंवार तुटत असेल तर तुटलेलं टोक बघा, ते सांगतं. मी काही कारागीर नाही, पण अकरा वर्षं शाळेतल्या मुलांच्या गिटारी दुरुस्त करतोय, दर आठवड्याला दोन-तीन तारा बदलतोच.

खुंटीपाशी तुटली तर बहुतेक वेटोळी एकमेकांवर चढलेली असतात किंवा भोकाच्या कडेला धार असते. सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीवर तुटली तर तिथे जुन्या तारेने खाच पाडलेली असते, बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला की काम होतं. जोर लावून घासू नका, पट्टी कमी झाली तर तार फ्रेटला लागून करकरते. नटवर अडकत असेल तर पेन्सिलचं टोक खाचेत फिरवा. शिशाने तार सरकते. तार लावताना 'टिंग टिंग' असे धक्के येतात ना, ते तार खाचेत अडकून सुटते म्हणून.

आणि नवीन मुलांची सगळ्यात मोठी चूक सांगतो. तार आधी कापतात. पुढच्या खुंटीपर्यंतचं अंतर मोजा, तेवढी ढील ठेवा, मग गुंडाळा. बारीक तारेला तीन-चार वेढे, जाडीला दोन-तीन पुरतात, वेढे वरून खाली. सगळं लागल्यावर मगच टोक कापा. जाड तार वाकवल्याशिवाय कापली तर वरचं वेटोळं सुटत जातं आणि तार मुकी होते. माझ्या एका विद्यार्थिनीने सहाही तारा खुंटीपाशी मोजून, नीट, एकसारख्या कापून आणल्या होत्या. एकही वेढा बसेना. ती इतकी नीटनेटकी होती की मला तिला सांगताना वाईट वाटलं. कपाटातला संच काढून दोघांनी मिळून चढवल्या.

पिन बसवताना तिची खाच तारेकडे ठेवा, तार वर ओढत ओढत पिन दाबा. तारेची गोळी आत लाकडाला टेकली पाहिजे. पिनच्या टोकावर बसली तर चढवताना पिन बंदुकीच्या गोळीसारखी उडते. माझी वर्गातल्या पंख्याला लागली होती.

चिंचगूळ

आले परत. माझी गोष्ट जुन्या तारांची आहे.

दिराच्या गिटारच्या तारा तुटायच्या तेव्हा सासूबाई त्या जपून ठेवायच्या. मला नवल वाटायचं. मग एकदा गॅसचा बर्नर नीट पेटेना, ज्योत एका बाजूने पिवळी. सासूबाईंनी डब्यातून पहिल्या तारेचा वीतभर तुकडा काढला आणि बर्नरची एकेक भोकं टोचून साफ केली. स्टोव्हच्या पिनची सवय त्यांच्या हाताला. बारीक तार पाव मिलीमीटरची, भोकात अलगद जाते आणि वाकत नाही. मी अजून तेच करते (गॅस बंद आणि बर्नर गार असताना).

एकच सांगायचंय, कापलेले तुकडे मोजून उचला. एक तुकडा सतरंजीत राहिला आणि माझ्या मोठ्याच्या टाचेत गेला होता. दिसतच नव्हता. टॉर्च तिरका धरून शोधला. तेव्हापासून तारा बदलायच्या तर खाली जुनी पांढरी चादर आणि शेजारी वाटी.

दुपारचा चहा

@चिंचगूळ, हे जबरदस्त आहे. आज बर्नर साफ करून बायकोकडून शाबासकी घेणार.

पाचवा फ्रेट

@घाटमाथा, एक विचारायचं होतं. पाकिटावर ८०/२० ब्राँझ आणि फॉस्फर ब्राँझ असं लिहिलेलं असतं. नवशिक्याने कुठला घ्यावा?

घाटमाथा

@पाचवा फ्रेट, दोन्ही चालतात. ८०/२० मध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे खरं तर ते पितळच. मिरजकरांच्या खर्जाचं भावंड. आवाज लखलखीत, पण लवकर मावळतो. फॉस्फर ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील, आवाज जरा ऊबदार, टिकतो थोडा जास्त. नवशिक्यासाठी धातूपेक्षा जाडी महत्त्वाची. १० चा संच घ्या, म्हणजे पहिली तार इंचाच्या शंभराव्या भागाएवढी जाड. बोटं कमी सोलतात. बोटं सोलली म्हणून सोडणारी मुलं मी तार तुटली म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिलीत.

खाडीकाठ

शेवटच्या वाक्याला +१. पण तार तुटली म्हणून सोडलेलेही कमी नाहीत. आमच्या गल्लीतच दोन गिटारी भिंतीला टांगलेल्या आहेत, चार-चार तारांच्या.

अंगणातला पारिजात

माझ्या गिटारला ब्रिज पिन नव्हत्याच, खाली पत्र्याची टेलपीस (गिटारच्या कडेला तारा अडकवायची पट्टी) होती आणि ब्रिज नुसता ठेवलेला, तारांच्या ताणावर उभा. मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या तारा एकदम काढल्या, ब्रिज घरंगळून पलंगाखाली. परत अंदाजाने ठेवला आणि दोन महिने मला वाटत होतं माझा कान बिघडलाय. मोकळ्या तारा सुरात, वर गेलं की बेसूर.

मग लायब्ररीत एका पुस्तकात वाचलं की नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत हवं. शिवणाच्या टेपने मोजलं, बोटभर फरक! हळूहळू सरकवला. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि मोकळ्या तारेचा सूर एका सप्तकाच्या अंतराने जुळला तेव्हा मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या. पत्र्याची टेलपीस असेल तर एक तार काढा, एक बसवा, मग दुसरी.

रानजाई

ए सायली, पंचवटीत कुठे? मी कपालेश्वराच्या मागे राहायचे ९८ पर्यंत.

सायलीचा वेल

@रानजाई, अग आम्ही तिथून दोन मिनिटांवर! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

ताजी खबर. काल लावलेली तार आज सकाळी चांगलीच उतरली होती. लेक हिरमुसली, म्हणाली मी नीट बसवली नाही. नवी तार ताणली जाते, वेढे घट्ट बसतात, दोन-तीन दिवस उतरतेच. तिला दाखवलं, बाराव्या फ्रेटपाशी तार बोटाने हलकेच वर ओढायची, परत लावायची, परत ओढायची. चौथ्यांदा उतरायची थांबली. मग पेटी काढली, ती पांढरी तीन दाबून बसली आणि मी खुंटी फिरवली. आजोबांच्या पेटीचा भाता जरा फुसका झालाय, तो बघायला हवा.

निवृत्त पण निवांत

मी नात लिहितेय. आजोबांनी स्वतः स्टूल धरून मला माळ्यावर चढवलं. ट्रंकेला तार आहे, खरंच आहे. फोटो टाकते संध्याकाळी. ट्रंकेत स्वरकाटा पण सापडला, आणि आजोबा तो आत्ता दातांत धरून बसलेत, कवळी आहे त्यामुळे "पूर्वीसारखं घुमत नाही" म्हणतायत. मी कोपराच्या हाडाला लावून बघितला. घुमतो!

मुक्काम पोस्ट मिरज

आजोबा, कानामागच्या हाडाला टेकवून बघा. कवळी मध्ये येणार नाही.

साधी भोळी

गेले दोन दिवस नुसतं वाचत होते, लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. आज दुपारी कपाटामागून माझी गिटार काढली. बारा वर्षं. तीन तारा आहेत, पहिली, दुसरी आणि पाचवी नाही. ज्या आहेत त्या काळ्या पडल्यात, बोटाला काळं लागतंय. ब्रिजला पिना आहेत, तारांना गोळ्या आहेत. मान सरळ दिसतेय. तीनच आणू की पूर्ण संच?

घाटमाथा

@साधी भोळी, पूर्ण संच, १० चा. जुन्या एकदम सोडू नका, सगळ्या हळूहळू सैल करा, मग पिना काढा. मोकळ्या झालेल्या फळीवरची बारा वर्षांची धूळ कोरड्या फडक्याने पुसून घ्या, पुन्हा इतकी सोयीची संधी मिळत नाही. पिना कुठली कुठे होती ते अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. अडलात तर इथेच लिहा, मी रात्री दहापर्यंत आहे.

सायलीचा वेल

आणि पिन निघाली नाही तर आतून, नाण्याने. हात जात नसेल तर घरातलं सगळ्यात छोटं माणूस बोलवा.